माती उकरायची नाही

लग्न होऊन चेतना पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या घरात आली तेव्हा ओट्यावरच्या कुंडीत काहीच नव्हतं. नुसती काळी माती होती, आणि तिची सासू दगूबाई रोज सकाळी अंघोळ आटोपली की तांब्या घेऊन त्या मातीला पाणी घालत होती. नवी नवरी पहिल्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर येते आणि बघते काय, तर म्हातारी रिकाम्या कुंडीशी बोलते आहे. आपण कुठे येऊन पडलो, असं कोणालाही वाटलं असतं. चेतनालाही वाटलं.

पण तसं वाटून घेऊन माघारी फिरायची सोय तिला नव्हती. तिचं माहेर प्रकाशा गावचं. बाप हिंमतराव खाऊनपिऊन सुखी, तापीकाठी केळी आणि ऊस. पण चेतनाच्या डाव्या मनगटावर लहानपणीच कोडाचा डाग उठला, तो कोपरापर्यंत चढला, मग मानेवर एक उमटला. बघायला येणारे यायचे, पोहे खायचे, चहा प्यायचे, आणि बाहीखाली काय आहे ते कळलं की मोटारसायकलला किक मारायचे. तिशी उलटली तेव्हा योगेंद्रचं स्थळ आलं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरात एकटी आई, बायको मार्गशीर्षात वारलेली. त्याने डाग बघितला आणि म्हणाला, चालेल. तेवढ्या एका शब्दावर हिंमतरावांनी देवाला नारळ फोडला.

दुसरपणाच्या बायकोला आमच्याकडे पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागतो. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. पहिलीचं जे अर्धं राहिलं असेल ते दुसरीने पुरं करायचं. चेतनाने टाक घातला. पहिलीचं नाव ममता. तिचे मार्गशीर्षातले गुरुवार अर्धे राहिले होते, तेही चेतनाच्या वाट्याला आले. आणि ही कुंडीही ममताचीच होती.

वैशाख सरत आला होता. एका सकाळी त्या मातीतून एक लाल टोक वर आलं. पाठोपाठ दुसरं. दोन-चार दिवसांत एक पान उलगडलं, आणि चेतना बघतच राहिली. बदामाच्या आकाराचं, कागदासारखं पातळ, पांढरंशुभ्र, कडेला हिरवी किनार, आणि मधून लालभडक शिरा. दगूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिला पान दिसलं नाही, पण बोटांना लागलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"तू उनी नि ती बी उनी वं माय," ममताच परत आली असं मानून ती चेतनाचा हात धरून म्हणाली. "तिन्हा जीव शे त्या झाडमा. मरू नको देजो."

चेतनाच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात योगेंद्र कारखान्यातल्या पाळीवरून परतला. त्याने ओट्यावर पाय ठेवला, कुंडी बघितली, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. रडणाऱ्या आईकडे त्याने बराच वेळ बघितलं. मग आत जाता जाता तो चेतनाला म्हणाला, "पानी टाकत जाय, बस. माती उकरानी नही. कुंडी घरमा आननी नही."

"का बरं?"

"सांगं ना, नही म्हनीसन."

तो काही तापट माणूस नव्हता. कधी आवाज चढवायचा नाही, ताटाला नावं ठेवायचा नाही. त्यामुळे असं तोडून बोलला की ते लक्षात राहायचं. तो रोज कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी कुंडीपाशी वाकायचा आणि मातीत बोट घालून बघायचा. पाणी बघतो आहे, असं चेतनाला आधी वाटलं. पण पाणी बघायला कोणी बोट मुळापर्यंत खुपसत नाही. माती हललेली आहे की नाही, ते तो बघत होता.

चेतनाचा मात्र त्या झाडावर जीव जडला. फोनवर शोधून तिने त्याचं नाव काढलं, कॅलेडियम. कडक ऊन सोसत नाही, माती ओलसर लागते, वारा लागला तर पानं करपतात. तिने कुंडी ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात सरकवली, मागे गोणपाट टांगलं, ते दुपारी भिजवून ठेवायची म्हणजे गारवा राहील. पावसाळ्यात पानं ताटाएवढी झाली. येणारीजाणारी बाई थांबून बघायची. चेतनाला आतून हसू यायचं, थोडं कडवट. पानावर पांढरे डाग उमटले की त्याला शोभा म्हणतात, लोक हौसेने ओट्यावर मांडतात. आणि आपण उन्हाळाभर पूर्ण बाह्यांची पोलकी घालतो. ती एकटी असली की बाही वर करून मनगट पानाशेजारी धरून बघायची. या घरात आपल्यासारखं कोणीतरी आहे, असं तिला वाटायचं.

पण कोणीतरी आहे हे वाटणं नेहमीच सुखाचं नसतं. शेजारची छबूबाई एकदा ओट्यावर बसून गेली. कुंडीकडे पाठ करून बसली होती.

"कवयनं फेकी देवाले पाहिजे व्हतं ते झाड," ती कुजबुजली. "ममतानं आनेल शे. उपास व्हता तिले. दुपारे चांगली हिंडी-फिरी ऱ्हायनी व्हती, नि घडीकमा घसा सुजना. जीभ हाई एवढी. बोलता येये ना. योगेंद्रनी जीपमा टाकी, पन गाळपना दिन, रस्तावर उसना ट्रॅक्टरसनी रांग. तठेच अडकनी जीप. सासूना मांडीवर गयी बिचारी."

"दुसरा रस्ता नव्हता?"

छबूबाईने इकडेतिकडे बघितलं. "कॅनॉलना पाटवरना रस्ता मोकळा व्हता. दगूबाई वरडी ऱ्हायनी व्हती म्हने, पाटवरथीन चाल म्हनीसन. योगेंद्रनी आयकं नही. चाकं फसतीन म्हने." मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "दैव, दुसरं काय."

त्या रात्री चेतनाला झोप लागली नाही. गळ्यातला टाक छातीवर गार लागत होता.

दुसरी गोष्ट शहाद्याच्या बाजारात झाली. श्रावणातल्या उपासांसाठी तिने भाजीवालीच्या ढिगातून अरवी, म्हणजे अळूचे गड्डे, निवडून पिशवीत घातली. योगेंद्र मागे उभा होता. त्याने पिशवीत हात घातला आणि एकेक गड्डा काढून पुन्हा ढिगावर ठेवला. भाजीवाली हसायला लागली.

"हाई नको," तो म्हणाला. "आपला घरमा कोनी खात नही."

घरी आल्यावर चेतनाने सहज दगूबाईला विचारलं, तुम्हाला अरवी चालत नाही का. म्हातारी म्हणाली, "माले? मन्ही ममताले ते भू आवडे. उपासले मीच करी देऊ तिले. आते योगेंद्र आनूच देस नही. याद येस व्हई बिचाराले." आणि डोळे पुसले.

चेतनाने तेवढ्यावर समाधान मानलं. नवऱ्याला पहिल्या बायकोची आठवण येते, यात वाईट वाटून घेण्यासारखं आहेही आणि नाहीही. ती गप्प बसली. गप्प बसायचं हे ती माहेराहूनच शिकून आली होती. दगूबाईच्या डोळ्यांचंही तसंच. डॉक्टर म्हणाले होते, साधं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी दिसायला लागेल. योगेंद्र म्हणायचा, गाळप सरू द्या. गाळप सरलं तेव्हा म्हणाला, पावसाळा जाऊ द्या. पावसाळा गेला आणि पुन्हा गाळप सुरू झालं. आईवर एवढा जीव टाकणारा माणूस, पण आईला दिसावं याची त्याला मुळीच घाई नव्हती.

कारखान्याची चिमणी पेटली की वसाहतीत काळी राख पडते. वाळत घातलेल्या धुण्यावर, ओट्यावर, पाण्याच्या पिंपात. चेतना रोज ओल्या फडक्याने एकेक पान खालून हात देऊन पुसायची. पण दिवाळीनंतर पानं पुसूनही सतेज होईनात. कडा पिवळ्या पडल्या, देठ मऊ होऊन लोळले. थंडी वाढली तशी एकेक पान ओट्यावर आडवं झालं. दगूबाई सकाळी पाणी घालायला आली, तिने हात फिरवला आणि तिला नुसते ओले देठ लागले.

"ती परत जाई ऱ्हायनी," एवढंच ती बोलली. त्या दिवसापासून तिने अन्न सोडल्यासारखंच केलं. भाकरीचा चतकोर कुस्करायची आणि ताट सरकवायची.

आता चेतना घाबरली. झाड मेलं तर बोल कोणावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कोडाची पोर घरात आली आणि पहिलीने लावलेलं झाड जाळलं, असं छबूबाईच पहिल्यांदा म्हणेल. माहेरी परत जायचं तर बापाने फोडलेल्या नारळाला काय तोंड दाखवायचं. तिने पुन्हा फोन उघडला. तिथे एका बाईने छान समजावून सांगितलं होतं: हे झाड मरत नाही, हिवाळ्यात झोपतं. पानं जातात, कंद जिवंत राहतात. या दिवसांत पाणी घातलं तर मात्र कुजतात. कंद काढा, वाळवा, कोरड्या वाळूत ठेवा, उन्हाळा लागला की लावा.

आणि दगूबाई तर रोज तांब्याभर पाणी ओतत होती. तिला नको म्हणणं म्हणजे तिच्या गेलेल्या सुनेच्या तोंडचं पाणी काढून घेणं.

म्हणून एका दुपारी म्हातारीचा डोळा लागल्यावर चेतनाने माती उकरली. खाली कंद होते, तपकिरी, गाठाळ, अंगावर बारीक मुळं, आणि टणक. जिवंत. तिला रडूच आलं. तिने ते पुसले, सावलीत वाळवले, आणि स्वयंपाकघरात फळीखाली दगूबाईची हळद-आल्याची वाळूची टोपली असते, तिच्या तळाशी पुरून टाकले. तिथे कोण बघतंय. माती पुन्हा कुंडीत भरून वरून थोपटली, तांब्याभर पाणी घातलं आणि दोन वाळके देठ खोचून ठेवले. योगेंद्र येऊन बोट खुपसेल या भीतीने संध्याकाळी ती ओट्यावर थांबलीच नाही. चहा करायला आत पळाली. पण त्या दिवशी तो जादा पाळीला थांबला होता. रात्री उशिरा परतला तो कुंडीपाशी न वाकता थकून तसाच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. चेतनाचा उपास. सकाळी तिने घट मांडला, आंब्याची डहाळी लावली, फळं ठेवली, आणि दुपारी हार आणायला बाहेर पडली. फुलवाला उशिरा आला. परतली तेव्हा घरात तुपा-जिऱ्याचा वास सुटला होता.

दगूबाई चुलीपुढे होती. किती तरी दिवसांनी ती उठली होती. अंदाजाने चाचपडत तिने कढई उतरवली, ताटात वाढलं, वर दाण्याचं कूट भुरभुरवलं. तिच्या बोटांना भाजल्याचा लाल चट्टा उठला होता, पण चेहरा उजळला होता.

"ये बेटा, बस," ती म्हणाली. "काल देवले सांगं मी, गयी ती गयी. हाई जी शे ती बी मन्हीच पोर शे. तुले उपाशी ठीसन मी का रडू?" आणि ताटातला एक तुकडा उचलून तिने चाचपडत चेतनाचं तोंड शोधलं. "मन्हा हातना पहिला घास."

बाईच्या जातीला सासूच्या हातचा घास म्हणजे काय, हे ज्याला मिळाला नाही त्याला कळायचं नाही. चेतनाचे डोळे भरून आले. तिने तोंड उघडलं.

तुकडा मऊ होता, खमंग होता. तिने दोनदा चावला. आणि जिभेत सुया शिरल्या. एक नाही, मूठभर. टाळूला, हिरड्यांना, गालाच्या आतून आग लागली. तिने हात तोंडावर धरला.

"खाजस का?" दगूबाई काळजीने म्हणाली. "चिंच कमी पडनी व्हई. ममता बी आसंच म्हने त्या दिन, घसा खाजस आई. मी म्हनं, उपासनं अन्न टाकू नही, खाई ले. गुनी पोर, समदं खादं तिनी." मग ती लाडाने हसली. "तू बी तिन्हासारखीच. अरवी आनीसन वाळूमा लपाडी ठेस. योगेंद्रले भ्यास ना? तिन्ही अरवी बी याच टोपलीमा मालेच सापडनी व्हती."

चेतना जागच्या जागी गार पडली. म्हणजे ममतानेही कंद काढून याच टोपलीत ठेवले होते. ती अरवी नव्हती; कुंडीत चुकून राहिलेल्या एकदोन कंदांनाच वैशाखात पानं फुटली होती. आणि ही प्रेमळ आंधळी बाई सुनेपुढे ताट घेऊन बसली होती, आज बसली आहे तशीच. हिला माहीत नाही. हिला काहीही माहीत नाही.

घास अजून तोंडात होता. थुंकावा म्हणून तिने मान वळवली आणि दारात योगेंद्र दिसला.

जेवायच्या सुट्टीत तो आला होता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला ओली काळी माती लागलेली होती. ओट्यावरची कुंडी त्याने बघितली होती, आता ताट बघितलं, चेतनाच्या तोंडावरचा हात बघितला. त्याला सगळं कळलं होतं, हे चेतनाला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तो धावेल असं तिला वाटलं. ओरडेल, पाणी आणेल, तिच्या तोंडात बोट घालून घास काढेल.

त्याने ते मातीचं बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं. गप्प. मग डोळ्यांनी मोरीकडे खूण केली. तिकडे जा. आईसमोर नको.

तो दारातच उभा राहिला. चेतनाने पदरात घास थुंकला. जीभ जड व्हायला लागली होती.

"काय व्हयनं? आवडनं नही?" दगूबाई हिरमुसली. "थांब, मीच चाखी देखस." आणि तिने ताटातला तुकडा उचलून तोंडाकडे नेला.

योगेंद्रने एका उडीत स्वयंपाकघर ओलांडलं. त्याच्या हाताच्या फटक्याने आईच्या बोटांतला तुकडा उडाला, ताट भिंतीवर आदळून फरशीवर गरगरत राहिलं, आणि मग ते थांबलं.

दगूबाई हात तसाच अधांतरी धरून बसली होती. मग ती खाली वाकली, फरशीवर चाचपडली, एक तुकडा तिला सापडला. तिने तो अंगठ्याखाली चिरडला, वास घेतला, पुन्हा घेतला.

"योगेंद्र, हाई अरवी नही ना रे?"

"आई, तू उठ. काही नही व्हयनं," तो म्हणाला.

"तू कवय उना?"

"आत्तेच."

चेतनाने त्याच्याकडे बघितलं. तो पुन्हा तिच्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. या घरात राहायचं असेल तर काय करायचं, ते त्या मानेत स्पष्ट होतं. हिंमतरावांचा नारळ तिला आठवला. मग ममता आठवली, जिला शेवटी बोलता येत नव्हतं. आपली जीभ अजून थोडी वळते आहे, ती किती वेळ वळेल ठाऊक नाही, हेही तिला कळत होतं.

"त्या कवयना दारमा उभा शेतस, आई," ती म्हणाली. शब्द जाड, ओले येत होते. "मन्हा तोंडमा घास व्हता, तवयपशीन. तोंडवर बोट ठीसन."

दगूबाईचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळलं. तिच्या पांढुरक्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण ती तिकडेच बघत होती. जीप, उसाचे ट्रॅक्टर, मोकळा पाट, आणि दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतो: हिने काय खाल्लं? कोणी खाऊ घातलं? तो प्रश्न आपल्याला कोणी विचारू नये, एवढ्यासाठी एक जीप रस्त्यात उभी राहिली होती, हे तिला एकेक करून कळत गेलं.

"मंग त्या दिन बी तू दारमाच उभा व्हता का रे?" तिने विचारलं.

"मी गाडी काढस. शहादाले जाऊत," योगेंद्र म्हणाला आणि खिशातली किल्ली चाचपायला लागला.

"नही." दगूबाई भिंतीला धरून उठली. तिने चेतनाचं मनगट पकडलं, नेमकं डागावर, आणि घट्ट धरलं. "बेटा, याना गाडीवर बसू नको. छबूबाईना पोऱ्याले आवाज दे. बोलता येस ना आजून? नही ते मी देस. आनि त्याले सांग, रस्तावरथीन नही." तिचा आवाज फुटला. "पाटवरथीन चाल म्हना."

सून पुढे, म्हातारी मागे, अशा त्या ओट्यावर आल्या. उतरताना दगूबाईचा पाय कुंडीला लागला आणि कुंडी कलंडली. ओली माती पायरीवर सांडली. तिने पाय झटकला आणि छबूबाईच्या नावाने मोठ्याने हाक मारली.